एका रात्रीची तोड थांबवा: साखर कारखान्यांच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यकारी संचालक आणि मुख्य शेतकी अधिकारी,
महाराष्ट्रातील सर्व सहकारी व खासगी साखर कारखाने

सप्रेम नमस्कार.

दसरा झाला, बॉयलर पेटले. आता दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत मोळी पडेल आणि बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बिऱ्हाड घेऊन आपल्या गटांत, म्हणजे कारखान्याच्या विभागांत, उतरतील. या धांदलीत आपल्याला पत्र वाचायला सवड कुठली, हे मला कळतं. पण उसात सापडणाऱ्या बिबट्याच्या पिल्लांबद्दल मला जे सांगायचं आहे ते पहिला कोयता चालण्याआधीच सांगायला हवं. जानेवारीत सांगून काही उपयोग नाही.

आधी माझी ओळख. मी शाळेत शिक्षिका आहे. गेली सहा वर्षं शनिवार-रविवार आणि बहुतेक सुट्ट्या पुणे जिल्ह्यातल्या एका वन्यप्राणी उपचार केंद्रात स्वयंसेवक म्हणून काम करते. माझे वडील ऊस उत्पादक आहेत, आपल्यापैकीच एका कारखान्याचे जुने सभासद. माझं बी.एड. उसाच्या बिलावर झालं. त्यामुळे तोड लांबली की घरात काय होतं, हे मला कोणी समजावून सांगायला नको. तुरा आलेला ऊस फेब्रुवारी उलटला तरी उभा, वजन रोज घटतंय आणि वडील तोडीच्या स्लिपसाठी चिटबॉयच्या, म्हणजे तोड लावणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, मोटारसायकलमागे फिरताहेत, हे मी लहानपणापासून बघितलं आहे. म्हणून आज आपल्याकडे जे मागणार आहे त्याची किंमत मला माहीत आहे, आणि ती फार नाही हेही माहीत आहे.

आमच्या केंद्रात वर्ष महिन्यांनी नाही, जखमांनी मोजतात. संक्रांतीला मांजाने पंख चिरलेल्या घारी आणि घुबडं येतात. एप्रिल-मे महिन्यात उन्हाने गळून पडलेले पक्षी, झाड तोडल्यावर खाली आलेली खारीची आणि पोपटाची पिल्लं. पावसात गाडीखाली सापडलेली उदमांजरं. आणि नोव्हेंबर ते मार्च उसातली पिल्लं: बिबट्याचे बछडे, रानमांजराची, वाघाटीची, कधी कोल्ह्याची पिल्लं. उपचार डॉक्टर करतात. आम्ही स्वयंसेवक पिंजरे धुतो, फडकी उकळतो, वटवाघळांसाठी पपई चिरतो, वजनं लिहून ठेवतो. पहिले सहा महिने मला एकाही प्राण्याला हात लावू दिला नव्हता. रेबीजची लस शून्याव्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी घेतली, मग कुठे पिल्लांच्या खोलीत पाऊल टाकलं.

त्या खोलीत बोलायचं नाही असा दंडक आहे. पिल्लांना नाव द्यायचं नाही, नंबर असतो. कुरवाळायचं नाही. रात्री दर दोन-अडीच तासांनी उठायचं, आधी पिल्लाचं अंग गार आहे का ते पाहायचं, गार असेल तर दूध पाजायचं नाही. गार पडलेल्या पिल्लाचं पोट चालत नाही, दूध तसंच आत राहतं आणि पिल्लू जातं. फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवून ते ऊबेला आणायचं, मग पालथं धरून, आईला पिताना असतं तसं, थेंबाथेंबाने पाजायचं. उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. पाजून झालं की कोमट पाण्यात बुडवलेला कापूस पोटाखाली हलक्या हाताने फिरवायचा, कारण इतक्या लहान पिल्लांना आई चाटल्याशिवाय लघवीही होत नाही. मग काट्यावर ठेवून वजन. गेल्या हंगामात वाघाटीचं एक पिल्लू होतं, पहिल्या रात्री काट्यावर ११० ग्रॅम. माझ्या तळहातावर अख्खं मावायचं आणि तरी माझ्यावर फिस्कारायचं. जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी ही जात, पूर्ण वाढली तरी दीड किलोच्या वर सहसा जात नाही. टोळीने ते बिबट्याचं पिल्लू समजून वाड्यावर नेलं होतं. ठिपके दिसले की बिबट्या, एवढंच आपल्याकडे लोकांना माहीत असतं.

त्या पिल्लाला आई होती. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीशी येऊन थांबतं. हंगामात आमच्याकडे 'अनाथ' म्हणून येणाऱ्या पिल्लांपैकी बहुतेकांची आई जिवंत असते. ती शिकारीला गेलेली असते, किंवा कोयत्यांचा आवाज ऐकून चार सऱ्या पलीकडे दबून बसलेली असते. मादी बिबट दोन-तीन पिल्लं पाचटात लपवून रात्रभर बाहेर राहते, हे तिचं नेहमीचं वागणं आहे. पिल्लं तोवर आवाज न करता पडून असतात. आपल्याला ती टाकलेली वाटतात. आपण उचलतो, गावभर फोटो निघतात, कोणी कळवळून गायीचं दूध पाजतं, त्याने हगवण लागते, आणि संध्याकाळपर्यंत एक धडधाकट पिल्लू आजारी आणि पोरकं होऊन आमच्या दारात येतं.

बिबट्याचा बछडा माणसाच्या हातावर वाढला की त्याचा परतीचा रस्ता बंद होतो. आई त्याला दीड-दोन वर्षं जवळ ठेवून शिकवते: सावज कसं गाठायचं, माणसापासून कसं लांब राहायचं. आम्ही त्याला दूध पाजू शकतो, हे शिकवू शकत नाही. माणसाची भीती न उरलेला बिबट्या गावांच्या मुलखात सोडणं गावाच्याही हिताचं नाही आणि त्याच्याही. मग तो पिंजऱ्यात राहतो. पिंजऱ्यातला बिबट्या वीस वर्षंही जगतो. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात जाऊन आपण एकदा बघावं. तिथली माणसं मनापासून काम करतात. पण रोज ठरल्या वेळी पडणारं मांस खाऊन त्याच चार भिंतींना फेऱ्या घालणारं जनावर पाहिलं की एका सकाळच्या घाईची ही किती लांब शिक्षा आहे ते कळतं.

आता एका रात्रीबद्दल लिहिते. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण मला कोणा एकाला उभं करायचं नाही.

शिरूर तालुक्यातल्या एका गावात दोन एकराच्या फडात सकाळी नऊच्या सुमारास तीन बछडे सापडले. डोळे नुकते उघडलेले, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतबाहेरचे. टोळीतल्या एका बाईने ते पाहिले आणि तिने ते उचलले नाहीत. पाचट परत वर ओढलं, नवऱ्याला हाक मारली आणि स्वतःचं तान्हं बांधावरच्या झोळीतून उचलून छातीशी धरून उभी राहिली. वनरक्षक तासाभरात आले. योग्य तेच त्यांनी सांगितलं: मधला पट्टा उभा ठेवा, टोळी दुसऱ्या टोकाला लावा, आज रात्री आई येईल. शेतमालक तयार होते. मुकादम म्हणाला, मी माझ्या मनाने थांबवू शकत नाही, गटातून फोन येऊ द्या. गट कार्यालयातून उत्तर आलं की स्लिप निघाल्या आहेत, गाड्या उभ्या आहेत, आज फड मोकळा झालाच पाहिजे.

संध्याकाळी साडेपाचला आम्ही पोहोचलो तेव्हा फड मोकळा झाला होता. पिल्लं होती तिथे आता नुसते बुडखे आणि वाढ्यांचे ढीग. आडोसा म्हणून काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी पिल्लं तपासली, क्रेटमध्ये पाचट अंथरून ती जागेवर ठेवली, कॅमेरे लावले आणि आम्ही लांब गाडीत बसलो. पण मोकळ्या रानात क्रेट लांबून दिसत होता. बॅटऱ्या घेऊन पोरं येत राहिली, मोटारसायकली थांबत राहिल्या. अकराच्या सुमारास शेजारच्या उभ्या उसातून आवाज आला. मादी बिबट पिल्लांना हाक घालते तेव्हा लाकडावर करवत ओढावी तसा खरखरीत आवाज येतो. ती चाळीस-पन्नास पावलांवर होती. ती बाहेर आली नाही. दुसऱ्या रात्रीही आली, बोलावत राहिली, मोकळ्यावर पाय टाकला नाही. तिसऱ्या दिवशी पिल्लं गारठून सुस्त झाली आणि ती केंद्रात आणावी लागली. एक आठव्या दिवशी गेलं. दोन आहेत, आणि आता पिंजऱ्यातच राहतील. गावातले लोक सांगतात, ती मादी पुढे आठवडाभर त्याच रानात फिरत होती. ज्या वस्तीला ती भीती सोसावी लागली, ती वस्तीही आपल्या सभासदांचीच होती.

याउलट जे घडतं, तेही मी कितीतरी वेळा बघितलं आहे. आंबेगावकडे एका शेतकऱ्याने पंधरा गुंठे उभे ठेवले. चिटबॉयने स्वतःच्या अधिकारात टोळी बांधापलीकडच्या प्लॉटमध्ये हलवली, म्हणजे गाड्यांचा खोळंबाही झाला नाही. दोन पिल्लं. डॉक्टरांनी शेपटीच्या मुळाशी तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवली, म्हणजे पुढे कधी पकडली गेली तर ओळख पटावी. दिवस बुडताना क्रेट जागेवर ठेवला. पोलीस पाटलांनी रस्त्यावरच गर्दी अडवली. सात वाजून चाळीस मिनिटांनी कॅमेऱ्यात आधी नुसता एक पंजा दिसला. मग ती पूर्ण आली, क्रेटभोवती एक फेरी मारली, पंजाने तो कलता केला आणि एका पिल्लाची मान तोंडात धरून गेली. अठ्ठावीस मिनिटांनी दुसऱ्यासाठी आली. गाडीत आम्ही पाच जण होतो, कोणी श्वास मोठ्याने घेतला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पंधरा गुंठे तोडले गेले आणि रात्रीच्या आत गाडी काट्यावर पोहोचली. नुकसान झालं ते एवढंच.

आपल्यापैकी काही जण म्हणतील, बिबट्याची पिल्लं वाचवायला सांगता, आणि आमची माणसं मरताहेत त्याचं काय. हा प्रश्न मी टाळणार नाही. जुन्नर, शिरूर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात माणसं गेली आहेत, अंगणातून लहान मुलं गेली आहेत. माझ्या शाळेतली मुलं हिवाळ्यात घोळक्यानेच घरी जातात आणि त्यांच्या आया शेवटचं मूल दिसेपर्यंत रस्त्यावर उभ्या असतात. ज्या घरातलं मूल गेलं त्या घराला बिबट्याबद्दल प्रेम बाळगा असं सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि मी ते सांगतही नाही. मी एवढंच म्हणते की पिल्लं उचलून नेल्याने यातलं काहीच कमी होत नाही. पिल्लं हरवलेली मादी त्या गावातून निघून जात नाही, ती तिथेच शोधत राहते. आणि जनावरं उचलून दुसरीकडे नेण्याचा प्रयोग आपल्या जुन्नरमध्येच होऊन गेला आहे. २००१ नंतर इथले बिबटे पकडून जंगलात नेऊन सोडले गेले. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २९ बिबट्यांचा अभ्यास केला. १९९३ ते २००१ या काळात वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, ते २००१ ते २००३ मध्ये सरासरी १७ वर गेले. आपली जागा, आपली पिल्लं, आपल्या ओळखीच्या वाटा हिरावलेलं जनावर शांत होत नाही, हे आपण एवढी किंमत मोजून शिकलो आहोत.

आणि हे बिबटे आता उसाचेच झाले आहेत. येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी आपल्या कोरड्या रानांत पाणी आणलं, पाण्याने ऊस आणला, आणि वर्षभर उभा राहणारा, पाण्याजवळचा, कुत्री-डुकरं आसपास असलेला ऊस मादीला पिल्लं घालायला जंगलाइतकाच बरा वाटला. २०२२ च्या देशव्यापी गणनेत महाराष्ट्रात १,९८५ बिबटे असल्याचा अंदाज आला, तोही मुख्यतः जंगलांचा. उसातले त्यात धरलेले नाहीत. तेव्हा या हंगामातही पिल्लं सापडणार आहेत. कोणाच्या गटात, एवढंच ठरायचं आहे.

म्हणून मी हे पत्र वन विभागाला लिहिलेलं नाही. वनरक्षक तासात पोहोचतो, डॉक्टर रात्र काढतात, आमच्यासारखे स्वयंसेवक रजा टाकून येतात. पण कोणत्या फडात आज कोयता चालणार आणि कुठे थांबणार, हे यांच्यापैकी कोणाच्याच हातात नाही. शेतकऱ्याच्या हातात नाही, मुकादमाच्या नाही, टनावर मजुरी असलेल्या त्या नवरा-बायकोच्या तर नाहीच. ते फक्त आपल्या शेतकी विभागाच्या हातात आहे.

एक लेखी आदेश काढा. पिल्लू दिसलं की सापडल्या जागेभोवतीचे दहा-पंधरा गुंठे त्या दिवशी आणि त्या रात्री उभे राहतील, चिटबॉयने टोळी दुसऱ्या बाजूला किंवा शेजारच्या प्लॉटला लावावी, त्यासाठी कोणाला फोन करावा लागणार नाही. एखाद्या वेळी टोळीचा खाडा झालाच तर तो कारखान्याने भरावा. मजुराच्या पोटावर पाय देऊन पिल्लं वाचवावीत असं मला वाटत नाही, आणि तसं केलं तर पुढच्या वेळी तो सांगणारही नाही, पाचटाखाली दाबून पुढे जाईल. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आणि आपल्या तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाचा नंबर स्लिपच्या मागे छापा. छपाई तशीही होतेच.

हार्वेस्टरबद्दल वेगळं सांगायला हवं. कोयत्याला पिल्लू दिसतं, यंत्राला दिसत नाही. यंत्राने चिरलेली पिल्लं मी पाहिली आहेत, त्यांचं वर्णन करत नाही. बिबट्याचा वावर असलेल्या गटात यंत्र फडात घालण्याआधी दोन माणसांनी सऱ्यांमधून आवाज करत फिरून यावं, आणि तोडणी एका बाजूने सुरू करून उभ्या उसाकडे किंवा ओढ्याकडे वाट मोकळी ठेवावी. चारी बाजूंनी तोडत मध्ये आलं की मादी कोंडली जाते आणि मग माणसावर येते. आणि ऊस पेटवून तोडण्याची पद्धत कृपा करून बंद करा. जळिताच्या फडात आम्ही नुसते शोधत फिरतो, हाती काही लागत नाही.

मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उसाच्या कडेला लागून उभ्या राहू देऊ नका. तिथे दिवा द्या, शौचालय द्या. पहाटे चार वाजता अंधारात उसाच्या कडेला बसणाऱ्या बाईला बिबट्या दिसतो तो अनेकदा हल्ला म्हणूनच. हा विषय माझ्या कामाचा नाही असं कोणाला वाटेल. मला वाटत नाही. त्याच फडात दोन आया पिल्लं ठेवून कामाला जातात आणि दोघींना त्या रात्री परत यायचं असतं.

आपल्या कर्मचाऱ्यांपैकी प्रत्येक गटातले दोघं आमच्याकडे पाठवा. चिटबॉय असतील तर उत्तम, कारण फडावर पहिला तोच पोहोचतो. एका दिवसात त्यांना रानमांजर, वाघाटी आणि बिबट्याचं पिल्लू यांतला फरक ओळखता येईल. उघड्या हाताने का उचलायचं नाही, दूध का पाजायचं नाही, गर्दी कशी थोपवायची हे कळेल. रेबीजची लस त्यांना कारखान्याने द्यावी. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, त्याचं पिल्लू पकडणं किंवा दडवून ठेवणं याला तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे. मजुराला हे माहीत नसतं आणि त्या अज्ञानाने तो अडकू नये, ही जबाबदारी त्याला आणणाऱ्याची आहे.

मुकादमांची बैठक प्रत्येक कारखाना हंगामाआधी घेतोच. त्या बैठकीत मला किंवा आमच्यापैकी कोणालाही वीस मिनिटं द्या. आम्ही स्वखर्चाने येऊ, बीडच्या टोळ्या आल्यावर त्यांच्या तळावरही येऊ, रात्री स्वयंपाक उरकल्यावर. सोबत त्या आंबेगावच्या रात्रीचं कॅमेऱ्यातलं चित्रण आणीन. ते एक मिनिट अकरा सेकंदांचं आहे. मजुरांना दाखवलं की बायका ते पुन्हा लावायला सांगतात.

आपली नम्र,
एका ऊस उत्पादक सभासदाची मुलगी,
वन्यप्राणी उपचार केंद्रातील स्वयंसेवक, पुणे जिल्हा